एकाच वावरात दोन रोज : बाईची मजुरी कमी का, आणि सरकारने आजवर त्यावर काय केलं?

डिसेंबर लागला की ओतूरकडून माळशेज घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर दोन्ही बाजूंना एकच काम चाललेलं दिसतं. कांद्याची लागवड. जुन्नर तालुक्यातलं डिंगोरे याच रस्त्यावरचं गाव. जवळच पिंपळगाव जोगा धरण, त्यामुळे पाण्याची सोय आहे आणि उन्हाळी कांदा हे इथलं हक्काचं नगदी पीक आहे.

वावरात पाहिलं तर ओल्या वाफ्यात बायकांची रांग असते. एका हातात रोपांची जुडी, दुसऱ्या हाताच्या बोटांनी एकेक रोप चिखलात खोचत त्या मागे मागे सरकत जातात. सकाळपासून संध्याकाळपर्यंत कंबर वाकलेलीच. दारं धरायला, रोपांच्या जुड्या वाहून आणायला, औषध फवारायला, ट्रॅक्टरवर बहुतेक करून पुरुष. आणि संध्याकाळी पैसे वाटताना दोन वेगळे आकडे असतात. एक 'गड्याचा रोज', दुसरा 'बाईचा रोज'. कुठला मोठा हे कुणाला विचारावं लागत नाही.

हे काही एकट्या डिंगोऱ्याचं नाही. नाशिकच्या द्राक्षबागेत, सांगलीच्या हळदीत, विदर्भातल्या कापसात हीच दोन नावं आणि हेच दोन आकडे सापडतात. गंमत अशी की समान कामाला समान वेतन देण्याचा कायदा या देशात जवळपास 50 वर्षांपासून आहे. मग हे दोन रोज राहिले कसे?

कायदा आला कुठून?

राज्यघटनेच्या कलम 39 (घ) मध्ये स्त्री आणि पुरुष दोघांनाही समान कामासाठी समान वेतन मिळावं, असं म्हटलं आहे. पण हे मार्गदर्शक तत्त्व. म्हणजे सरकारने त्या दिशेने जावं अशी अपेक्षा. त्याच्या जोरावर एखादी शेतमजूर बाई थेट कोर्टात जाऊ शकत नाही. 1958 मध्ये भारताने आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या समान वेतनाच्या करारालाही मान्यता दिली. तरी देशात स्वतंत्र कायदा व्हायला आणखी 17 वर्षं गेली.

माहिती नव्हती म्हणून उशीर झाला, असं म्हणायलाही जागा नाही. स्वातंत्र्यानंतर लगेच, 1950-51 मध्ये, केंद्र सरकारने पहिली शेतमजूर चौकशी केली होती. देशभरातल्या खेड्यांमधून मजुरीचे आकडे गोळा झाले, पुरुष आणि स्त्रियांचे वेगवेगळे. फरक तेव्हाच कागदावर आला होता. पुढे 1971 मध्ये सरकारने फुलरेणू गुहा यांच्या अध्यक्षतेखाली स्त्रियांच्या स्थितीचा अभ्यास करणारी समिती नेमली. तिच्या सदस्य-सचिव वीणा मजुमदार होत्या. 1974 च्या अखेरीस समितीने जो अहवाल दिला, त्याने स्वातंत्र्यानंतर बायकांची परिस्थिती आपोआप सुधारत गेली, या समजाला जोरदार धक्का दिला.

1975 हे आंतरराष्ट्रीय महिला वर्ष होतं. त्या वर्षी 26 सप्टेंबरला समान वेतनाचा वटहुकूम निघाला आणि 1976 मध्ये त्याचा कायदा झाला. जवळपास महिनाभराने, 24 ऑक्टोबर 1975 ला, आइसलँडमधल्या बायकांनी घरातलं आणि बाहेरचं सगळं काम एक दिवस बंद ठेवलं होतं. तो संप जगभर गाजला. आपल्याकडचा वटहुकूम आज फार कुणाला आठवतही नाही.

कागदावर हा कायदा बराच कडक होता. एकाच किंवा सारख्या स्वरूपाच्या कामासाठी बाईला कमी पैसे द्यायचे नाहीत. आणि मालकाने समानता आणण्यासाठी पुरुषांचा पगार खाली आणायचा नाही, बायकांचा वर न्यायचा. ही पळवाट आधीच बंद केलेली होती.

मुंबईतल्या एका स्टेनोग्राफरची केस

हा कायदा चालतो कसा, हे कळायला मुंबईतलं एक प्रकरण पाहावं लागतं. मॅकिनन मॅकेन्झी या कंपनीत ऑड्री डी'कोस्टा स्टेनोग्राफर होत्या. पदाचं नाव होतं 'कॉन्फिडेन्शियल लेडी स्टेनोग्राफर'. त्याच कंपनीतल्या पुरुष स्टेनोग्राफरना जास्त पगार होता. 1977 मध्ये नोकरी गेल्यावर डी'कोस्टा यांनी समान वेतन कायद्याखाली तक्रार केली. रक्कम होती सुमारे 7,200 रुपयांची.

कंपनीचं म्हणणं, या बायका वरिष्ठ अधिकाऱ्यांसोबत काम करतात, त्यांचा गटच वेगळा. शिवाय पगार युनियनशी झालेल्या करारानुसार ठरलेत. आणि कंपनीची आर्थिक स्थितीही चांगली नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. मार्च 1987 मध्ये निकाल लागला तो डी'कोस्टा यांच्या बाजूने. न्यायालयाने सांगितलं की दोन कामं सारखी आहेत का हे ठरवताना बारीकसारीक फरकांवर बोट ठेवत बसायचं नाही, व्यापक नजरेने पाहायचं. जिथे बायकांनाच ठेवायचं असं ठरवून त्यांची वेगळी श्रेणी केली जाते, तिथे ती श्रेणी कमी पगाराचं कारण होऊ शकत नाही. आणि 'परवडत नाही' हे कारण या कायद्याखाली चालणार नाही.

समान वेतनाचा विषय निघाला की या निकालाचा दाखला आजही दिला जातो. पण तो जिंकायला काय काय लागलं ते पाहा. कंपनीत रजिस्टर होतं. पगाराच्या श्रेणी लिहिलेल्या होत्या. त्याच टेबलावर तेच काम करणारा पुरुष समोर होता. आणि तक्रार ऐकणारा अधिकारी त्याच शहरात होता.

कांद्याच्या वावरात यातलं काय आहे?

'सारखं काम' या शब्दांपाशी गाडी अडते

डिंगोऱ्याच्या वाफ्यात रोप खोचणारा पुरुष सहसा दिसत नाही. फवारणीचा पंप पाठीवर घेतलेली बाईही क्वचितच. खुरपणी, लागवड, कांदा काढून पात कापणं ही 'बायकांची कामं'. गोण्या भरून गाडीत टाकणं, पाणी देणं, मशागत ही 'गड्याची कामं'. म्हणजे कायदा जी तुलना करायला सांगतो, ती करायला दोन्ही बाजूंना एकच काम करणारी माणसं मिळत नाहीत. शेतकऱ्याला विचारलं तर तो म्हणेल, मी बाईला कमी देत नाही, खुरपणीला कमी देतो. कायद्याच्या चौकटीत त्याचं म्हणणं चूक ठरवणं अवघड आहे.

पण खुरपणीचा दर कमी का? ताकद कमी लागते म्हणून, हे नेहमीचं उत्तर. ताकद म्हणजे काय, हा प्रश्न मात्र कुणी विचारत नाही. 50 किलोची गोणी एकदा उचलणं हे ताकदीचं काम आणि सात-आठ तास वाकून हजारो रोपं एका खोलीवर, एका अंतरावर लावत जाणं हे हलकं काम, अशी वर्गवारी आपण गृहीत धरलेली आहे. रोप खोल गेलं तर कांदा पोसत नाही, वर राहिलं तर उपटून येतं. लागवड बिघडली तर हंगाम बिघडतो. या कौशल्याला दर लावायचा झाला तर तो काय असेल?

नेमका हाच मुद्दा आंतरराष्ट्रीय करारात आहे. तिथे 'समान मूल्याच्या कामाला समान वेतन' असे शब्द आहेत. आपल्या कायद्यात 'एकच किंवा सारख्या स्वरूपाचं काम'. फरक दोन-चार शब्दांचा वाटतो, पण सगळी मेख तिथेच आहे. भारताचा कायदा कराराच्या शब्दांपेक्षा तोकडा आहे, हे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या तज्ज्ञांच्या समितीने अनेकदा निदर्शनास आणलं आहे.

'मूल्या'वरून तुलना केली तर काय होतं, याचं उदाहरण इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅममध्ये आहे. तिथल्या महापालिकेत कचरा उचलणारे, रस्ते झाडणारे पुरुष होते. शाळेत स्वयंपाक करणाऱ्या, साफसफाई करणाऱ्या, वृद्धांची काळजी घेणाऱ्या बायका होत्या. कामं अगदी वेगळी. पण पालिकेच्याच मूल्यमापनात ती एकाच दर्जाची ठरली होती. तरी बोनस मिळत होता तो पुरुषांच्या कामांना. बायका कोर्टात गेल्या आणि जिंकल्या. पुढच्या दहाएक वर्षांत पालिकेने या दाव्यांपोटी सुमारे 110 कोटी पौंड दिले. 2023 मध्ये पालिकेने पैसे संपल्याची अधिकृत नोटीस काढली, त्यामागच्या कारणांतही समान वेतनाची उरलेली देणी होती.

आपल्याकडे खुरपणी आणि फवारणी यांची अशी तुलना कुणी केलेली नाही. तसं करायला सांगणारा कायदाही नाही.

नव्या वेतन संहितेने काही बदललं का?

21 नोव्हेंबर 2025 पासून चार कामगार संहिता लागू झाल्या. त्यातली 2019 ची वेतन संहिता आल्यावर 1976 चा समान वेतन कायदा रद्द झाला आणि त्यातल्या मुख्य तरतुदी संहितेच्या कलम 3 मध्ये आल्या. आता 'पुरुष कामगार, स्त्री कामगार' याऐवजी 'लिंगाच्या आधारावर' भेदभाव करायचा नाही असे शब्द आहेत, त्यामुळे तृतीयपंथी कामगारही त्यात येतात. थकलेल्या पैशांचा दावा तीन वर्षांपर्यंत करता येतो. पैसे पूर्ण दिले हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर आहे. कामगाराच्या दृष्टीने या बाजू चांगल्या आहेत.

'सारख्या कामा'ची व्याख्या मात्र जवळपास तीच राहिली: कौशल्य, श्रम, अनुभव आणि जबाबदारी सारखी हवी, कामाची परिस्थिती सारखी हवी.

आणि एक तरतूद अशी आहे की तिचा डिंगोऱ्याशी थेट संबंध येतो. शेती किंवा घरकामासाठी पाचपर्यंत माणसं ठेवणाऱ्याला हजेरी आणि मजुरीचं रजिस्टर ठेवण्याची सक्ती नाही. निरीक्षकाने मागितलं तर पैसे दिल्याचा रास्त पुरावा दाखवायचा, एवढंच. एक-दोन एकरवाल्या शेतकऱ्याच्या दृष्टीने हे समजण्यासारखं आहे. रोज वेगळी माणसं, हिशेब वहीच्या मागच्या पानावर, तिथे रजिस्टर कोण भरणार? पण डी'कोस्टांच्या केसमध्ये ज्या कागदावर सगळं उभं होतं, तो कागदच इथे तयार होत नाही. शिवाय तक्रार करायची ती कुणाची? ज्याच्या वावरात उद्याही कामाला जायचंय, ज्याच्याकडून अडीअडचणीला उचल घेतलीय, बऱ्याचदा जो भावकीतला किंवा शेजारचा आहे, त्याची.

शेतकऱ्याची बाजूही सोपी नाही. कांद्यावर ऑगस्ट 2023 मध्ये 40 टक्के निर्यात शुल्क लागलं, डिसेंबरमध्ये निर्यातच बंद झाली, ती मे 2024 मध्ये उठली, उरलेलं शुल्क जायला एप्रिल 2025 उजाडला. लागवडीच्या दिवशी मजुरी ठरवणाऱ्याला काढणीच्या दिवशी भाव काय असेल याचा पत्ता नसतो. खतं, औषधं, डिझेल यांचे दर त्याच्या हातात नाहीत. हातात असलेला एकच दर म्हणजे मजुरीचा, आणि त्यातही बाईचा.

सरकार मोजतं काय?

शिमला आणि चंदीगडहून चालणाऱ्या केंद्राच्या श्रम ब्युरोकडे ग्रामीण मजुरीची मालिका आहे. देशभरातल्या निवडक गावांमधून दर महिन्याला कोणत्या कामाला काय रोज चालू आहे, याची नोंद होते. 2013 पासून कामांचे 25 प्रकार आहेत, त्यातले 12 शेती आणि तिच्या जोडधंद्यांचे. पुरुष आणि महिलांचे आकडे वेगळे. जिथे नोंदी पुरेशा नसतात तिथे सरासरी दिली जात नाही. त्यामुळे नांगरणीसारख्या कामात महिलांचा रकाना बऱ्याच राज्यांत रिकामा दिसतो. ती रिकामी जागाही एक माहितीच आहे.

दुसरीकडे राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाचं श्रमबल सर्वेक्षण घरोघरी जाऊन कमाई आणि कामाचे तास विचारतं. तासांचा मुद्दा महत्त्वाचा आहे. मजुरीचा फरक पूर्णपणे भेदभावाचाच असतो असं नाही. बाई अनेकदा घरचं आवरून, पोरांचे डबे करून, जनावरांचं पाहून मग वावरात येते. दिवस थोडा लहान असतो. समजा, गड्याला आठ तासांचे 500 आणि बाईला सहा तासांचे 330 मिळतात. दिवसाच्या हिशेबाने फरक 34 टक्के. तासाला मोजलं तर 62 रुपये 50 पैसे आणि 55 रुपये, म्हणजे 12 टक्के. दोन्ही आकडे खरे आहेत. कुठला सांगायचा हे तुम्ही काय विचारताय त्यावर ठरतं.

मग ते दोन तास गेले कुठे? त्याचंही मोजमाप सरकारनेच केलंय. 2024 च्या वेळ वापर सर्वेक्षणात घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला सरासरी 289 मिनिटं घालवतात असं दिसलं. पुरुष 88 मिनिटं. 2019 मध्ये हेच आकडे 299 आणि 97 होते. पाच वर्षांत दोघांचीही मिनिटं कमी झाली, दोघांमधलं अंतर होतं तिथेच राहिलं.

जगात यापुढचं पाऊल म्हणून मालकांनाच आकडे जाहीर करायला लावतात. ब्रिटनमध्ये 2017 पासून 250 किंवा जास्त कर्मचारी असलेल्या कंपन्यांना स्त्री-पुरुष वेतनातली तफावत दरवर्षी प्रसिद्ध करावी लागते. आइसलँडने 2018 पासून एक पायरी वर जाऊन 25 किंवा जास्त कर्मचारी असलेल्या संस्थांना समान वेतन देत असल्याचं प्रमाणपत्र घेणं बंधनकारक केलं. अमेरिकेत 2017 आणि 2018 या दोन वर्षांसाठी 100 किंवा जास्त कर्मचाऱ्यांच्या कंपन्यांकडून लिंग आणि वंश अशा दोन्ही निकषांवर पगाराची माहिती सरकारने मागवली होती. भारतात सेबीच्या नियमांनुसार सर्वात मोठ्या 1,000 सूचिबद्ध कंपन्या स्त्री आणि पुरुष कर्मचाऱ्यांच्या वेतनाचा मध्यांक जाहीर करतात. या यादीत कांद्याचं वावर कुठे बसणार?

अमेरिकेत जसा वंशाचा प्रश्न, तसा आपल्याकडे जात-जमातीचा. जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात महादेव कोळी आणि ठाकर समाजाची गावं आहेत. भाताचं काम संपलं की तिथली माणसं पूर्वेकडच्या बागायती गावांत मजुरीला येतात. श्रमबल सर्वेक्षण घराचा सामाजिक गट विचारतं, त्यामुळे राज्य किंवा देशपातळीवर काही अंदाज येतो. ग्रामीण मजुरीची मासिक आकडेवारी मात्र पुरुष आणि महिला या दोन रकान्यांतच येते. आदिवासी बाईचा रोज गावातल्या बाईच्या रोजापेक्षा वेगळा आहे का, हे त्यातून कळायला मार्ग नाही.

जिथे बाईचा रोजच नाही

आता जुन्नर तालुक्यातल्याच दुसऱ्या पिकाकडे पाहू. इथे विघ्नहर सहकारी साखर कारखाना आहे, शेजारच्या आंबेगावात भीमाशंकर. हंगामात उसाच्या फडात तोडणी टोळ्या उतरतात, अनेक कुटुंबं बाहेरच्या जिल्ह्यांतून आलेली. इथे मजुरीचा हिशेब माणसाला नाही, 'कोयत्या'ला. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा माणूस असेल तर 'अर्धा कोयता'. उचल घेतली जाते ती साधारणपणे नवऱ्याच्या नावावर, हिशेब मुकादम त्याच्याशीच करतो.

बाई ऊस तोडते, मोळ्या बांधते, डोक्यावर घेऊन गाडीत चढवते. तिची मजुरी किती? उत्तर नाही, कारण तसा आकडाच तयार होत नाही. जानेवारी 2024 मध्ये ऊसतोडणीच्या दरात तीन वर्षांसाठी 34 टक्के वाढ ठरली, ती टनामागे. म्हणजे वाढ कोयत्याला मिळाली. बाईपर्यंत त्यातले किती पोचले हे घरातल्या घरात ठरणार.

वेतनातली तफावत मोजायची तर दोन आकडे लागतात. फडात एकच आहे. त्यामुळे उसाच्या तोडणीत स्त्री-पुरुष तफावत कागदावर शून्य दिसते. कांद्यात निदान दोन रोज असतात, भांडायला जागा तरी असते.

एका ठिकाणी फरक मिटला होता

या सगळ्यात महाराष्ट्राने स्वतः घडवलेलं एक उदाहरण आहे आणि त्यात समान वेतन हा मुख्य हेतू नव्हताच. 1972 चा दुष्काळ. गावोगावी खडी फोडण्याची, नालाबांधाची, पाझर तलावांची कामं निघाली. 1973 च्या उन्हाळ्यात या कामांवर जवळपास 50 लाख माणसं होती आणि त्यांत बायकांची संख्या प्रचंड होती. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी मांडलेली कामाच्या हमीची कल्पना याच काळात राज्यभर गेली. पुढे 1977 मध्ये रोजगार हमीचा कायदा विधिमंडळात झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो लागू झाला.

या योजनेत मजुरी कामाच्या मापावर होती. किती घनमीटर माती खोदली, किती खडी फोडली, त्याचा दर. माप घेणाऱ्या टेपला कुणाचं लिंग कळत नाही. दर एकच, हजेरीपत्रकावर बाईचं नाव तिचं स्वतःचं. अडचणी होत्याच: मापं चुकायची, पैसे उशिरा यायचे, कामाच्या जागी पोरांना सांभाळायला पाळणाघर असावं हा नियम बऱ्याचदा नियमच राहायचा. तरी गड्याचा रोज आणि बाईचा रोज ही दोन नावं त्या हजेरीपत्रकावर नव्हती.

2005 च्या राष्ट्रीय रोजगार हमी कायद्याने हेच तत्त्व देशभर नेलं. किमान एक तृतीयांश काम बायकांना, मजुरीत भेदभाव नाही. पुढे नियमांत असंही आलं की बायका, वृद्ध, अपंग यांच्यासाठी दरपत्रक वेगळं करावं, म्हणजे ताकदीच्या कामाची मापं त्यांच्या मुळावर येणार नाहीत. 2025-26 साठी महाराष्ट्राचा दर दिवसाला 312 रुपये होता, बाईला आणि पुरुषाला तोच. आता गंमत बघा: बाहेर ज्याला 312 पेक्षा बराच जास्त रोज मिळतो, तो गडी या कामावर कशाला येईल? ज्यांना बाहेर कमी मिळतं त्या येतात. देशभरात या कामांवर अनेक वर्षं निम्म्याहून जास्त बायकाच होत्या, त्यामागे हेही कारण आहे.

याचा परिणाम शेजारच्या खासगी वावरातही दिसला. अर्थतज्ज्ञ मेहताबुल आझम यांनी 2012 मध्ये मांडलेल्या अभ्यासानुसार, योजना आधी सुरू झालेल्या जिल्ह्यांत रोजंदारीवरच्या महिलांची मजुरी इतर जिल्ह्यांच्या तुलनेत सुमारे 8 टक्क्यांनी जास्त वाढली. पुरुषांची केवळ 1 टक्का. कुणी शेतकऱ्यावर खटला भरला नव्हता, निरीक्षक गेला नव्हता. बाईला 'नाही परवडत, मी रोजगार हमीवर जाते' म्हणता येऊ लागलं होतं, एवढंच.

कांद्यातही याची एक देशी आवृत्ती आहे. अनेक ठिकाणी बायकांची टोळी एकराचा आकडा ठरवून लागवड 'उक्ती' घेते. मग रोज नाही, एकराचा दर. लवकर उरकलं तर दुसरं वावर धरायचं, पैसे आपसांत वाटून घ्यायचे. इथेही माप कामाचं होतं, बाईचं नाही. दर किती हे मात्र टोळीच्या एकीवर आणि त्या आठवड्यात मजूर किती मिळतायत यावर ठरतं. शरीराची झीज वाढते ती वेगळीच, कारण उक्त्या कामात पाठ टेकायला कुणी थांबत नाही.

आता पुढे काय?

डिसेंबर 2025 मध्ये संसदेने 2005 च्या रोजगार हमी कायद्याची जागा घेणारा नवा कायदा संमत केला. 'विकसित भारत – रोजगार आणि आजीविका हमी अभियान (ग्रामीण)' असं त्याचं नाव, लोकांच्या तोंडी 'व्हीबी-जी राम जी'. त्यात कामाचे हमी दिवस 100 वरून 125 झाले. खर्चाचा वाटा महाराष्ट्रासारख्या राज्यांसाठी केंद्र 60 आणि राज्य 40 असा ठरला.

या कायद्यातल्या एका तरतुदीची चर्चा मजुरीच्या अंगाने व्हायला हवी. पेरणी आणि काढणीच्या ऐन हंगामात मजूर मिळावेत म्हणून वर्षात एकूण 60 दिवस ही कामं बंद ठेवायची आहेत. सरकारचं म्हणणं, शेतकऱ्याची मजुरांअभावी ओढाताण होते, ती थांबेल. तक्रार खरी आहे, कांदा उत्पादक तर ती दरवर्षी करतात. पण खासगी वावरातली बाईची मजुरी वर गेली होती ती पर्यायामुळे, आणि पर्याय सगळ्यात उपयोगी पडतो तो मजुरांना मागणी असते तेव्हाच. मागणी नसलेल्या महिन्यांत 125 दिवस असले आणि मागणीच्या महिन्यांत काम बंद असलं, तर दर ठरवताना तिच्या हातात काय उरतं, असा प्रश्न टीकाकार विचारत आहेत.

हे 60 दिवस कोणते, हे राज्य सरकारने आधी जाहीर करायचं आहे. पीक आणि हवामान पाहून वेगवेगळ्या भागांसाठी ते वेगळेही असू शकतात. जुन्नरच्या पश्चिमेला भाताची लावणी जुलैत, पूर्वेला टोमॅटोची तोडणी वेगळ्याच महिन्यांत, आणि डिंगोऱ्याच्या बाजूला उन्हाळी कांद्याची लागवड डिसेंबर-जानेवारीत, काढणी मार्च-एप्रिलमध्ये. एकाच तालुक्यात हंगामाची तीन वेळापत्रकं आहेत. त्यातलं कुठलं धरायचं, हे ठरवणाऱ्या टेबलावर खुरपणी-लागवडीला जाणारी बाई असावी, असं या कायद्यात कुठे लिहिलेलं नाही.